मामीच्या बुरशीच्या कुंड्या

पोटच्या पोरांना जपलं नसेल इतकं आमची मामी बुरशीला जपते. मागच्या पडवीत तिच्या कुंड्या. कुंड्यांत गवत, आणि गवताच्या मुळांवर मित्रबुरशी. ती माती मामी मक्याच्या बियाण्याबरोबर पेरते. बुरशी मुळांना बिलगते, लांबचं अन्नपाणी ओढून आणते, मग खत निम्मंच पुरतं. मामांना हे पटत नाही. त्यांचा जीव दोनच गोष्टींत, खताची गोणी आणि दुपारची झोप. आणि आरामखुर्ची मांडायला त्यांना नेमकी पडवीच हवी होती.

शेवटी पैज लागली. शेजारीशेजारी दोन तुकडे. एकात बुरशी नि निम्मं खत, दुसऱ्यात नुसतं खत, तेही पूर्ण. मामी हरली तर कुंड्या उकिरड्यावर, मामा हरले तर पडवी कायमची कुंड्यांची. ती वरवर हसली, पण त्या दिवशी तिला घास गेला नाही.

पेरणीच्या वेळी मामा अर्थातच घोरत होते. मामीने आणि ट्रॅक्टरवाल्याने मिळून पेरलं, खुणेला फडकी बांधली. लाल फडकं माझं, पांढरं तुमचं, असं तिने जेवताना जाहीर केलं. वर हेही सांगितलं, की खत जास्त झालं तर बुरशी आळसावते, आयतं मिळाल्यावर कोण राबेल? मामांनी लगेच मान डोलावली. एरवी बायकोचं बोलणं त्यांना तीनदा सांगावं लागतं.

मका कमरेला आला तेव्हा एका दुपारी खुर्ची रिकामी दिसली. बघते तर मामा लाल फडक्याच्या तुकड्यात बादलीभर युरिया उधळतायत! मी धावत जाऊन मामीला सांगितलं. टाकू दे की, म्हणाली आणि मामांच्या सदऱ्याला बटण लावत बसली. मला तिचा असा राग आला!

लाल फडक्याचा मका माजला, भसाभसा वाढला आणि जोराचा वारा सुटताच आडवा झाला. पांढऱ्याचा ताठ उभा, कणसं गच्च भरलेली. कापणीला मामा उकिरड्याकडे बोट दाखवतच आले. मामीने ट्रॅक्टरवाल्याला पुढे केलं.

"बुरशीची माती पांढऱ्या फडक्याच्या तुकड्यात आहे," तो म्हणाला. "वहिनींनीच फडकी उलटी बांधायला लावली."

"अगं, पण ते खत मी तर तुझ्या..." मामा बोलता बोलता थांबले.

"माझ्या काय?" मामीने विचारलं.

बोलावं तर चोरी कबूल, न बोलावं तर पडवी गेली. मामांनी आपली खुर्ची उचलली. ती आता न्हाणीघरामागे, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली असते. ओल्या पायजम्याचं पाणी तोंडावर टपटपतं, आणि मामी कुंड्यांना पाणी घालता घालता हाक मारते, "अहो, लागला का डोळा?"