माझ्या रॅकिसला टीबी झाला तेव्हा

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली आणि विचारलं, "मॅडम, काय शिकवता तुम्ही?"

"जीवशास्त्र. सावनेरला, अकरावी-बारावीला."

"मग रॅकिस शिकवत असाल. तुमच्या रॅकिसलाच टीबी झालाय."

रॅकिस म्हणजे मधला कणा. कडुनिंबाच्या पानाची मधली दांडी, पिसाच्या मधोमध असलेली काडी आणि आपला पाठीचा कणा, तिन्हींना हाच शब्द. एकवीस वर्षं मी तो फळ्यावर लिहिला. टीबी हाडालाही होतो, हे ठाऊक होतं. तरी तोंडातून निघालं, "पण मला खोकला नाही!"

पाच महिने पाठ दुखत होती. प्रताप नगरच्या घरून सावनेरच्या कॉलेजात, रोजची बस. दोष तिलाच दिला. संध्याकाळची कणकण, सैल झालेले ब्लाउज, यांनाही कारणं शोधली. मग एकदा वर्गात डाव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि मला कळलंच नाही.

बायोप्सी झाली, म्हणजे सुईने मणक्यातला बारीक तुकडा काढून तपासला. निकालाच्या दिवशी बाकावर बसवत नव्हतं, उभंही राहवत नव्हतं.

"टीबीच आहे. मज्जारज्जूवर दाब आलाय," डॉक्टर म्हणाले. "औषधाने उतरला नाही तर ऑपरेशन. पाय जाऊ शकतात, हे लपवत नाही."

तीन महिने पलंगावर. उमरेडहून आई आली, वय बहात्तर. बेडपॅन तिनेच दिलं. गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची, जेवण उलटायचं. रोज सकाळी ती माझे डोळे मिटवून पायाचं एकेक बोट दाबायची. "सांग वं, कोणतं हाय?"

मी चुकायची. ती म्हणायची, "राहू दे, उद्या पाहू."

सातव्या आठवड्यात मी म्हणाले, "करंगळी." आईने ते बोट बराच वेळ सोडलं नाही.

ऑपरेशन टळलं. दीड वर्षाने औषधं थांबली. आता खुर्चीवर बसून शिकवते, लवकर थकते. पाठदुखीसोबत ताप असेल, वजन उतरत असेल, तर माझ्यासारखी कारणं शोधत बसू नका.

हे मोकळेपणी सांगायला मी आईकडून शिकले. मी पलंगावर होते तेव्हा आधी आल्यागेल्याला तीही "मणक्यात गॅप हाय" असंच सांगायची. वाद घालायचं त्राण मला नव्हतं. एका दुपारी शेजारच्या काकू दारात सुनेच्या पाठदुखीचं सांगत होत्या. रोज संध्याकाळी ताप येतो म्हणाल्या. आई उठून दाराशी गेली.

"गॅप-बिप काही नाही जी. माह्या पोरीले टीबी हाय. सुनेले आजच दवाखान्यात न्या."

मग आत येऊन माझ्या पायथ्याशी बसली. "सांगून टाकलं वं. लपवून लपवून थकली मी."

मीही थकले होते. त्या दुपारी कित्येक दिवसांनी आम्हा दोघींना गाढ झोप लागली.