उसनी घोडी आणि ई.ए.सी.ची खुर्ची

घोडी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या दारात थांबली, ती थांबलीच. मी टाचा मारल्या, लगाम ओढला, मारुतीरायाचं नाव घेतलं. ती शेपटीने माशा हाकत उभी. मागून डेप्युटी कमिशनर साहेबांचा घोडा येऊन पोचला.

मी तेव्हा गोंदियाला नवीनच नायब तहसीलदार होतो. डोळा होता ई.ए.सी.च्या खुर्चीवर. म्हणजे एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर. आजचा डेप्युटी कलेक्टर समजा. त्यासाठी पदवी हवी, ती होती. खात्याची परीक्षा दुसऱ्या खेपेला का होईना, पास झालो होतो. वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती. आणि शेवटची अट अशी, की उमेदवाराला घोड्यावर बसता यावं आणि घोडा त्याच्या मालकीचा असावा. महसुलाचा कायदा मला तोंडपाठ. सरकारला बघायची होती माझी मांड!

मी दौरे बैलगाडीने करणारा माणूस. शेवटी पटले नावाचे आमचे रेव्हेन्यू इन्स्पेक्टर धावून आले.

"न्या ना साहेब माही घोडी. गाय आहे गाय! कामठ्याचा रस्ता तं तिले पाठ आहे."

माझी मांड बघायला साहेब दौऱ्यावर सोबत निघाले. सकाळी त्यांनी विचारलं, "घोड़ी आपकी है?"

"जी हुजूर, मेरी!" मी छाती काढून सांगितलं.

आणि आता हे दार. आतून मालगुजाराचा गडी भिजवलेल्या चण्यांची टोपली घेऊन आला.

"आली का वो बाई? आज उशीर कायले केला?"

हे घोडीला. मला त्याने पाहिलंही नाही.

"हमेशा आती है?" साहेबांचा प्रश्न.

"दौरा निघते तवा येते, हुजूर. दाना खाते अन् तुपाचा डबा घेऊन जाते."

दौऱ्यावरच्या माणसाने गावातून फुकट काडीही घ्यायची नाही, असा सक्त हुकूम होता. साहेबांच्या भुवया टोपीत गेल्या. आता घोडी माझी म्हणावी तर मी तूपखाऊ, नाही म्हणावी तर खोटारडा. खोटारडा परवडला.

"हुजूर, घोड़ी मेरी नहीं है।"

"सुबह तो थी?"

"सुबह कायदे के हिसाब से थी।"

"फिर किसकी है?"

मी लगामाची गाठ तपासू लागलो. पटल्यांची नोकरी माझ्या तोंडून जायला नको होती. पण पुढच्या गावी घोडी पुन्हा थांबली आणि तिथले मालगुजार स्वतःच बाहेर येऊन म्हणाले, "काऊन जी, आज पटलेसाहेब नाही आले?"

साहेबांनी शेरा मारला: मांड ठीक, घोडा नाही, सबब अपात्र. पटल्यांची बदली दूर जंगलातल्या अर्जुनी मोरगावला झाली. जाताना मला म्हणाले, "घोडी ठेवून घ्या साहेब, तुमाले अट आहे ना!" मी घेतली. तोवर वय उलटून गेलं होतं.

नायब म्हणूनच मी निवृत्त झालो. जगली तोवर त्या घोडीने एकही दार चुकवलं नाही. फक्त चणे मला घरून न्यावे लागत. उसनी घोडी घेताना तिचे दात बघू नयेत; ती कुणाच्या दारात खाते, ते बघावं.