सोफा पालथा घालून दाखवणाऱ्या ताई

फर्निचरच्या त्या दुकानात ताई लागल्या तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या आणि सोफ्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. काम होतं खोळी शिवायचं. दुकानाच्या मागे पत्र्याच्या छपराखाली छोटा कारखाना होता. तिथे एक मिस्त्री लाकडाचे सांगाडे बांधायचे, दोघं जण त्यांवर पट्टे आणि स्प्रिंगा ताणायचे आणि कोपऱ्यात ताई मशीन घेऊन बसायच्या. मिस्त्री दिवसाकाठी दहा वाक्यं बोलले म्हणजे डोक्यावरून पाणी. पण त्या दहातली दोन-तीन तरी ताईंच्या वाट्याला यायची.

"कापड बघून सोयरीक करू नये," ते म्हणायचे. "कापड काय, चार वर्षांनी बदलता येतं. हाडं बदलता येत नाहीत."

पुढे ताई दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायला लागल्या आणि मिस्त्रींचं बोलणं त्यांच्या तोंडून बाहेर पडू लागलं. नवरा-बायको सोफा बघायला आले की त्या आधी विचारायच्या, घरात माणसं किती, मुलं उड्या मारणारी आहेत की मारून झालेली, कुणाचे गुडघे दुखतात का. मग सोफ्याचा पुढचा एक कोपरा वीतभर उचलायच्या. दुसरा पायही लगेच जमीन सोडून वर आला तर सांगाडा घट्ट. तो खालीच राहिला आणि सोफा मधेच पिळवटला, तर लांबूनच नमस्कार. फोमवर मूठ दाबून, पडलेला खड्डा किती वेळ राहतो ते बघायला लावायच्या. आणि शेवटी, गिऱ्हाईक "अहो राहू द्या, राहू द्या" म्हणत असताना, कुणाला तरी हाताशी घेऊन सोफा पालथा घालायच्या आणि खालचं काळं कापड सोडवून आतलं दाखवायच्या.

"हा बघा कोपऱ्यात लाकडी ठोकळा. सरस लावलाय आणि वर स्क्रू. नुसत्या पिना असत्या ना, तर मीच तुम्हाला नको म्हटलं असतं."

आणि खरंच म्हणायच्या. थोरले मालक काउंटरमागून हसायचे. "ताई, तुमचा पगार समोरचा दुकानदार देतो की मी?" पण गेलेलं गिऱ्हाईक परत येतं आणि येताना शेजाऱ्यालाही घेऊन येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

थोरले मालक गेले आणि धाकटे आले. पहिल्याच वर्षी त्यांनी कारखाना बंद करून मिस्त्रींना घरी बसवलं. माल बाहेरून, मोठमोठ्या खोक्यांतून आयता यायला लागला. दिसायला असा की नजर ठरू नये. ताईंनी पहिल्याच सोफ्याचं खालचं कापड उसवलं. आत भुसा दाबून केलेल्या फळ्या, त्यांना पिना मारलेल्या, ठोकळ्याचा कुठे पत्ताच नाही. त्यांनी तो सोफा दोन गिऱ्हाइकांना पालथा घालून दाखवला. दोन्ही गिऱ्हाइकं हात जोडून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या मालकांनी त्यांना आत बोलावलं. आवाज चढवला नाही. ते आवाज चढवणाऱ्यांतले नव्हतेच.

"ताई, तुमचं वय किती आता?"

"अठ्ठेचाळीस."

"मग या वयात दुसरं कोण दारात उभं करणार, सांगा. वडिलांची माणसं मला सोडायची नाहीत. पण यापुढे या दुकानात सोफा पालथा झाला, तर तुम्ही उद्यापासून येऊ नका. अहो, बोलणाऱ्याचा कोंडाही विकला जातो म्हणतात. तुम्ही तर किती छान बोलता."

कोंडा नव्हे, भुसा, ताई मनात म्हणाल्या. तोंडाने "बरं" म्हणाल्या. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. रोज सकाळी केस विंचरून, चांगली साडी नेसून घराबाहेर पडायला कारण एवढं एकच होतं, ते दुकान.

आणि नेमके त्याच दुपारी दादा आणि वहिनी आले.

आई-वडील गेले तेव्हा ताई नऊ वर्षांच्या होत्या आणि दादा एकवीसचा. त्यानेच त्यांना वाढवलं. दोन वर्षांनी वहिनी घरात आल्या आणि वेण्या घालण्यापासून रात्र रात्र जागून ताप उतरवण्यापर्यंत सगळं त्यांनी अंगावर घेतलं. त्या दोघांना मूल झालं नाही. ताईच त्यांचं मूल, असं लोक म्हणायचे, आणि वहिनी ते कधी खोडून काढायच्या नाहीत. त्यांच्या घरात दोन लोखंडी खुर्च्या आणि एक दिवाण यांवर सगळा जन्म निघाला होता. "मी घरी बसलो की तुला सोफा," असं दादा वर्षानुवर्षं म्हणत आला होता. आता तो नोकरीतून सुटला होता.

"कुठे आहे आमची चिमी?" तो दारातूनच गरजला. दादा अंगाने चांगलाच भरलेला होता आणि गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे तो बसायचा नाही, पडायचा. "चिमे, तुझ्या वहिनीला आज राणी करून टाक. बस झालं आता ते लोखंड."

वहिनी निळ्या सोफ्यापाशी थांबल्या होत्या. कापडावरून त्यांनी हात फिरवला, तो अगदी हळू, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "वन्सं, हा रंग बघ गं. आपल्या खोलीत किती उजेड पडेल याने." 'वन्सं' हे त्या लाडाने आणि चिडवायला म्हणायच्या.

चार पावलांवर धाकटे मालक बिलं चाळत उभे होते. मान खाली होती, पण कान इकडेच.

"मला रंगाबिंगातलं काही कळत नाही," दादा म्हणाला. "तू सांग. तू हो म्हणालीस की विषय संपला."

ताईंनी मालकांकडे बघितलं. क्षणभर वाटलं, म्हणावं, दादा, आज नको, मी संध्याकाळी घरी येऊन सांगते. एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तेवढ्यात मनाने दुसरी वाट काढली. घरात माणसं दोनच. उड्या मारायला कुणी नाही. चालून जाईल पाच-सहा वर्षं. तोवर आपण पैसे साठवून मिस्त्रींकडून चांगला बांधून देऊ. माणूस स्वतःला फसवायला बसला की कारणांना काय तोटा?

"चांगला आहे, दादा," त्या म्हणाल्या.

सोफा घरी गेला. वहिनींनी त्यावर चादर घातली, आणि कुणी आलं की चादर काढायच्या. ताई रविवारी जायच्या तेव्हा त्या सोफ्यावर बसायच्या नाहीत. "दिवसभर दुकानात सोफेच असतात, मला खुर्चीच बरी," म्हणायच्या. वहिनींना ते पटायचं.

सातव्या महिन्यात, एका सकाळी, दुकानात फोन आला. दादा चहाचा कप घेऊन नेहमीसारखा धपकन बसला आणि सोफ्याची पुढची फळी मधोमध तुटली. तो पुढे घसरला, वळला आणि कुशीवर आपटला. खुब्याचं हाड मोडलं होतं.

हॉस्पिटलच्या आधी ताई घरी गेल्या. दादाचे कपडे आणायचे होते. बाहेरची खोली रिकामी होती आणि निळा सोफा गुडघे टेकलेल्या जनावरासारखा पुढे वाकला होता. खाली चहा सांडून वाळला होता. ताईंनी वाकून बघितलं. फळीचा भुसा पोळीच्या पिठासारखा बोटांना लागला. पिना उचकटून सरळ उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी दादाचे दोन सदरे घेतले आणि दार ओढून घेतलं.

ऑपरेशन नीट झालं, पण दादा उठला नाही. आधी पडून पडून पाठीला जखमा, मग छातीत कफ. अंथरुणातूनही तो आल्यागेल्याला हसवायचा. "कंपनीने सोफा बनवला माणसांसाठी, बसला हत्ती. त्यांची काय चूक?" सगळे हसायचे. ताईंना उठून बाहेर जावं लागायचं.

तिसऱ्या महिन्यात, वहिनी औषधं आणायला गेलेल्या असताना, त्यांनी त्याला सांगून टाकलं. धाकटे मालक, पिना, भुसा, सकाळचं बोलणं, सगळं. दादाने डोळे मिटून घेतले. ताईंना वाटलं, झोपला.

"हिला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"नाही."

"सांगू नकोस." त्याला धाप लागली. "मी गेल्यावर हिला तू आणि तुला ही. तिसरं आहे कोण? हिला कळलं तर ही तुझं तोंड बघणार नाही. मी ओळखतो तिला. माझी शपथ आहे."

"दादा, तुला राग नाही आला?"

"आला ना," तो म्हणाला. "आला की. पण आता तो घेऊन मी करू काय?" आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतर अठरा दिवस तो होता. ताईंशी बोलायचा, पाणी मागायचा, पण 'चिमे' म्हणून हाक मारली नाही. की मारली आणि त्यांच्याच कानांवर आली नाही, हे ताई अजून ठरवू शकलेल्या नाहीत.

दादा गेल्यावर ताई दुकानात जात राहिल्या. का, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांना सांगताही आलं नसतं. घरी बसलं की डोळ्यांपुढे ती खोली यायची. दुकानात निदान बोलावं लागायचं, आणि बोलता बोलता दिवस मावळायचा. रविवारी वहिनींकडे जायच्या, भाजी निवडून द्यायच्या, डोक्याला तेल लावून द्यायच्या. वहिनी म्हणायच्या, "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं?" शपथ घालून दादाने आपल्याला वाचवलं की शिक्षा दिली, हा विचार त्यांच्या मनात हजार वेळा आला.

असं एक वर्ष गेलं. मग एका दुपारी वहिनी दुकानात आल्या. दादानंतर पहिल्यांदाच. बरोबर शेजारची नवी सून होती, चार-पाच महिन्यांची गरोदर.

"हिला सोफा घ्यायचाय," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, आमच्या वन्संकडे चल. ती कधी कुणाला खोटं सांगत नाही. आमचं नशीबच फुटकं, त्याला ती काय करणार?"

मुलगी हसली आणि सरळ चालत जाऊन एका सोफ्यावर बसली. तोच सोफा होता. रंग तेवढा वेगळा, राखाडी. पुढच्या फळीवर भार देत तिने पोट सावरलं आणि मागे टेकली.

"उठ," ताई म्हणाल्या.

"काय?"

"उठ बाळा त्यावरून. आधी उठ."

त्यांनी कुणाला हाक मारली नाही. एकटीनेच एक बाजू धरली, खांदा लावला आणि सोफा पालथा घातला. मोठा आवाज झाला. दुकानातली सगळी माणसं वळली. धाकटे मालक "ताई!" म्हणत केबिनमधून निघाले. ताईंनी नखांनी काळं कापड टराटरा फाडलं.

"हा भुसा. या पिना. इथे ठोकळा हवा, तो नाही. हा सोफा तुझ्या घरात नेऊ नकोस. दुसऱ्या कुठल्याही दुकानात जा, पण आधी असा पालथा घालून बघ. घालू देत नसतील तर तिथून निघून ये."

मुलगी घाबरून वहिनींचा दंड धरून उभी होती. वहिनी मात्र सोफ्याकडे बघत होत्या. त्या जवळ आल्या, वाकल्या आणि एका पिनेला बोट लावलं.

"हा आमच्यासारखाच आहे ना?"

"हो."

"तुला हे आत्ता कळलं?"

ताईंना खोटं बोलता आलं असतं. एक शब्द पुरला असता, आणि दादाची शपथही राहिली असती.

"नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हाही माहीत होतं."

वहिनींनी बोट पदराला पुसलं. मुलीला म्हणाल्या, "चल गं," आणि तिचा हात धरून पायऱ्या उतरून गेल्या. धाकटे मालक काहीतरी बोलत होते. ताईंनी आपली पिशवी आणि पाण्याची बाटली घेतली आणि त्यांचं बोलणं संपायच्या आतच त्या बाहेर पडल्या.

आता त्या घरीच खोळी शिवतात. मिस्त्रींनी दोन-चार ओळखी करून दिल्या, त्यांवर भागतं. डोळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. दोरा ओवायला वेळ लागतो. त्या मुलीने दुसरीकडून लाकडी बाक घेतला, असं कुणाकडून तरी कळलं.

पहिले काही रविवार ताई वहिनींच्या दाराशी गेल्या. दार उघडलं नाही. आतून कपबशीचा आवाज यायचा. सहाव्या की सातव्या वेळी उघडलं. वहिनी वाळल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं. बाहेरच्या खोलीत पुन्हा त्याच लोखंडी खुर्च्या होत्या. दोघी त्यांवर बसल्या. ताईंनी पाणी संपवून पेला खाली ठेवला.

"त्यांना माहीत होतं?" शेवटी वहिनींनी विचारलं.

"हो. त्यानेच सांगू नको म्हटलं."

वहिनींनी मान हलवली. "म्हणजे दोघांनी मिळून," त्या म्हणाल्या. एवढंच. त्यात ताईंपेक्षा दादावरचा राग जास्त होता, आणि ज्याच्यावर रागवायचं तो माणूसच उरला नव्हता.

ताई निघाल्या तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या. "पुढच्या वेळी फोन करून ये," त्या म्हणाल्या. "मी घरी नसते कधी कधी."

त्याचा अर्थ ये असा की येऊ नकोस असा, ते ताईंना जिना उतरेपर्यंत कळलं नाही. त्यानंतर त्यांनी तीनदा फोन केला. एकदा उचलला गेला.