मुक्या गाडीतून टिळ्याला

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न गाडीच्या तेलापायी मोडता मोडता राहिलं आणि ते तेल मी घातलं होतं. यातला 'राहिलं' हा भाग घरातले लोक विसरले आहेत. 'मी घातलं' हा भाग मात्र दर दिवाळीला फराळाच्या ताटासोबत वाढला जातो.

बहात्तरचा दुष्काळ सरला होता, त्यानंतरच्या एका हिवाळ्याची ही गोष्ट. आम्ही रहिमतपूरचे. वडील, म्हणजे आबा, तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. तोफांनी त्यांचे कान निम्मे नेले होते. उरलेल्या निम्म्या कानांची सोय म्हणून की काय, त्यांनी साताऱ्यात एका साहेबाकडून जुनी काळी विलायती गाडी घेतली. गाडी दिसायला ऐटबाज, पण इंजिन सुरू झालं की पत्र्याच्या छपरावर कुणी नारळाची पोती ओततंय असं वाटायचं. आबा मात्र खूश. आमच्या घरात त्यांना नीट ऐकू येणारी तेवढी एकच वस्तू होती.

गाव त्या आवाजाला सरावलं होतं. गाडी ओढ्याच्या पुलावर आली की आई चहाचं आधण ठेवायची, आणि चहाला उकळी फुटायला आबा दारात. कोंबड्या आपणहून बाजूला व्हायच्या. हॉर्न कधीच बिघडला होता, पण तो दुरुस्त करावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. (विमानाला कुठं हॉर्न असतो, असं आबा म्हणायचे.)

तर शालनला, म्हणजे माझ्या बहिणीला, कडेगावचं स्थळ आलं. मुलगा फौजेत, सुट्टीवर आलेला, उंचापुरा. बघण्याचा कार्यक्रम उरकला तशी शालननं घरातली सगळी पितळी भांडी चिंचेनं घासून लख्ख केली. आम्ही काय ते समजलो. पाहुण्यांनाही मुलगी पसंत पडली. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि पाहुणे निघता निघता आबांना पाहुणचाराचा उमाळा आला. एसटीनं कशाला जाता, मी सोडतो की कडेगावला, म्हणाले.

सोडलं. मुलाच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणत. त्यांची वस्ती गावाबाहेर, उसाच्या रानात. वाटेवर त्यांचीच उसानं भरलेली बैलगाडी उभी होती, पांढरीशुभ्र खिलारी जोडी जुंपलेली. आमची गाडी वळणावर आली आणि बैल जे उधळले ते उसासकट उसात. त्यांना आवरायला अण्णा खाली उतरले ते धोतरासकट पाटात.

दोन दिवसांनी गणूमामा निरोप घेऊन आला. हा आईचा भाऊ, सोयरीक त्यानंच जुळवलेली. निरोप असा, की मुलगी पसंत, माणसं पसंत, टिळा लावायला अवश्य या, पण ती गाडी आमच्या दारात नको. झालं! आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि जाहीर केलं, "जितं माजी गाडी न्हाई, तितं मी न्हाई." मुलाची सुट्टी संपत आली होती. ती संपली की तो जाणार पार सरहद्दीवर, आणि पुढच्या सुट्टीपर्यंत अण्णांच्या दाराशी दुसऱ्या मुलींचे बाप येऊन बसणार. तिकडे अण्णा हटेनात, इकडे आबा हटेनात, आणि मधल्या मधे शालन भाकरी थापायला बसली की थापतच राहायची. तव्यावर टाकायचं भानच नसायचं.

मग एके दिवशी ती माझ्याकडे आली.

"दादा, तू कारखान्यात हाईस नव्हं? मग त्या गाडीचं तोंड बंद कर."

मी साताऱ्याला एका कारखान्यात कामाला होतो हे खरं. पण तिथं मी लाकडी खोक्यांना खिळे ठोकायचो. घरी मात्र मी 'मशिनीवर' आहे असं सांगितलेलं, आणि सुट्टीला घरी आलो की सायकलच्या चेनकडे बघूनसुद्धा गंभीर मान हलवायचो. आता माघार कशी घेणार? मी बॉनेट उघडलं, आत डोकावलो, डॉक्टरसारखं "हं" केलं आणि निदान सांगितलं, "तेल पातळ झालंय."

साताऱ्यात बाबालालभाईंचं तेला-वंगणाचं दुकान होतं. माणूस फार गोड. गिऱ्हाईक बोलेल त्याला "बरोबर" म्हणायचं, हा त्यांचा धंद्याचा मंत्र. मी विचारलं, तेल बदललं की आवाज जातो ना? बरोबर. जितकं दाट तेल तितका आवाज कमी ना? अगदी बरोबर. मी म्हटलं असतं की गाडीला तेलाऐवजी ताक घालतो, तरी त्यांनी डबा धुऊन दिला असता.

पहिलं तेल बदललं. जुनं तेल घमेल्यात सोडलं, नवीन ओतलं, आणि खरंच आवाज थोडा उतरला. पत्र्यावर नारळांऐवजी आता बटाटे पडू लागले. माझा हुरूप वाढला. चुलतभावाकडून ट्रॅक्टरचं दाट तेल आणून दुसऱ्यांदा बदललं. बटाट्यांचे कांदे झाले. आता एकच घाव बाकी होता. आमच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं, आणि ऊस गाळायच्या चरकाला घालायचं वंगण तिथं होतं, चमच्यानं खावं इतकं दाट. ते मी एका डब्यातून घरी आणलं. डबा आदल्या दिवशीपर्यंत काकवीचा होता. (धुतला होता का? विचारू नका.)

ते वंगण इंजिनात उतरायला आख्खी दुपार लागली. मग हँडल मारलं आणि गाडी सुरू झाली. आवाजच नाही! नुसती मांजरासारखी गुरगुर. शालनच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. आबा तेवढे खिडकीतून डोकं काढून विचारत राहिले, "आरं, सुरू कवा करतुयास?"

गणूमामा आनंदाची बातमी घेऊन एसटीनं कडेगावला पुढे गेला. टिळ्याचा दिवस ठरला.

त्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी, आणि इंजिनातलं वंगण गुळाच्या ढेपेसारखं बसलेलं. हँडल जागचं हलेना. शेवटी आईची शेगडी निखाऱ्यांसकट गाडीच्या पोटाखाली सरकवली आणि आम्ही तिघं बाळंतिणीला शेक द्यावा तसे गाडीभोवती बसलो. त्या उबेनं सुटलेल्या काकवीच्या वासाला मुंगळे आले. ते बॉनेटमधून थेट टिळ्याच्या ताटातल्या पेढ्यांपर्यंत पोचले. अखेर गाडी सुरू झाली, शालननं दारातून हात जोडले (देवाला की मला, कळलं नाही) आणि आम्ही निघालो. आबा चालवत, मी शेजारी, मागे आई मांडीवर ताट घेऊन.

खरे हाल रस्त्यात झाले. गाडी चालू आहे की बंद, हे आबांना कळेना. दर थोड्या वेळानं विचारायचे, "हाय का गं चालू?" आई पुढे वाकून ओरडायची, "झाडं मागं जात्याती नव्हं? मग हाय." पुसेसावळीच्या बाजारात तर कुणी बाजूलाच होईना. एरवी आमच्यासाठी दुभंगणारा बाजार आज ढिम्म उभा. एक म्हातारा गाडीच्या बरोबर पुढे संथपणे चालत होता, मधेच थांबून त्यानं तंबाखू मळली. शेवटी आईनं ताटातला नारळ घेतला आणि बाहेर हात काढून दारावर ठोकायला लागली. असा हॉर्न वाजवत आम्ही कडेगाव गाठलं.

आता आमच्याकडची रीत अशी, की टिळ्याला आलेल्या पाहुण्यांनी बांधापाशी थांबायचं आणि घरच्या कर्त्यानं सामोरं येऊन, पाय धुवायला पाणी देऊन, मानानं आत न्यायचं. आबांनी त्याच वळणावर गाडी उभी केली आणि बंद केली. दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस. वस्ती पलीकडे, आम्हाला ती दिसेना, तिला आम्ही दिसेना. आबांनी फेटा सारखा केला आणि छाती काढून बसले.

कुणी आलं नाही.

"येत्याली," आबा म्हणाले.

बराच वेळ गेला. मी म्हणालो, मी जाऊन सांगून येतो. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उघडलेलं दार परत लावून घेतलं. मुलीकडचे झालो म्हणून बोलावल्याशिवाय आत घुसायचं? आई म्हणाली, मग मी नारळ वाजवते. "आपुन काय भांडीवालं हाय?" आबा गरजले. उन्हं वर आली, पण उसाच्या सावलीत गारठा तसाच. मुंगळ्यांनी पेढ्यांचा निम्मा टिळा उरकला. आबांच्या कपाळावरची शीर फुगायला लागली. मला शालन दिसत होती, लख्ख पितळेच्या भांड्यांमध्ये बसलेली.

शेवटी आबा शांतपणे बोलले, आणि ते शांत बोलले की आम्हाला जास्त भीती वाटायची. "त्यास्नी आमी नको हाय. हँडल मार, माघारी जायाचं."

आई रडायलाच लागली. मी उतरून हँडल घातलं. हलेना. इतका वेळ गारठ्यात राहून वंगण पुन्हा गोठलं होतं. मी लटकलो, उड्या मारल्या, हँडलवर उभा राहिलो. मग आई आणि मी मागून ढकलायला लागलो. मी ढकलत होतो खरा, पण मनात म्हणत होतो, देवा, नको होऊ दे सुरू. सुरू झाली की लग्न मोडलं.

उताराला गाडी लागली, आबांनी गिअर टाकला, आणि इंजिनाच्या पोटात काहीतरी कायमचं सुटलं.

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. नारळ, बटाटे, कांदे, सगळे एकदम पडले आणि वर घणाचे घाव. मागून काळा धूर, त्याला गुळाचा खमंग वास. आबांचा चेहरा क्षणभर खुलला. बऱ्याच दिवसांनी त्यांना काहीतरी ऐकू आलं होतं.

आणि उसापलीकडून आरोळी उठली, "आलं, आलं! पाव्हणं आलं!"

अण्णा पुढे, हातात पाण्याचा तांब्या, मागे नवरामुलगा, गणूमामा, झाडून सगळी भावकी, धावतच. अण्णांनी गाडीतून उतरणाऱ्या आबांना कडकडून मिठी मारली. तांब्यातलं पाणी पायांऐवजी आबांच्या फेट्यावर सांडलं.

"आवं सुबेदार, किती वाट बगायची," ते धापा टाकत म्हणाले. "सकाळधरनं कानात जीव आणून बसलुया. म्हटलं पाव्हणं रुसलं, येत न्हाईत."

गणूमामानं गाडी मुकी झाल्याचं सांगितलं होतं, पण अण्णांचा त्यावर काडीचा विश्वास बसला नव्हता. असला आवाज बंद होत नसतो, पण सोयरीक मोडायला नको, असं म्हणून त्यांनी बैल दुहेरी दाव्यानं बांधले, घरातल्या बाळांच्या कानांत कापूस घातला आणि आवाज आला की सामोरं जायचं म्हणून सगळे तयार होऊन बसले होते. पलीकडे ते रुसवा गिळत बसलेले, अलीकडे आम्ही, मधे फक्त ऊस आणि माझी कारागिरी.

आई हसत होती आणि डोळे पुसत होती. मी बांधावर बसकण मारली आणि नवऱ्यामुलानं, म्हणजे आता आमच्या दाजींनी, मला पाणी पाजलं. टिळा झाला. पेढे पुरले नाहीत, तेव्हा गूळ वाटला.

गाडी अर्थातच त्या दिवशी पुन्हा हलली नाही. तिला बैलगाडीमागं बांधून त्याच खिलारी बैलांनी रहिमतपूरपर्यंत ओढत आणलं. या वेळी ते मुळीच बुजले नाहीत. ओढ्याच्या पुलावर आवाज नाही म्हणून घरी चहा ठेवलेला नव्हता, पण बैलगाडीत अण्णांना बघून शालन जी आत पळाली, ती हसतच पळाली.

लग्नाच्या बैठकीत अण्णांनी काही मागितलं नाही. एवढंच म्हणाले, "गाडी कशीबी वाजत येऊ द्या. ह्या पोराला तेवढं तेलापास्नं लांब ठेवा."

ती अट आबांनी मान्य केली आणि घरानं आजवर पाळली. परवा शालनच्या नातवाच्या बारशाला गेलो होतो. देवापुढची समई विझायला आली म्हणून मी सहज तेलाची बुधली उचलली, तर शालन पाळण्याची दोरी सोडून धावत आली, माझ्या हातातून बुधली काढून घेतली आणि म्हणाली, "दादा, तू बस. जळू दे कशी जळतीया ती."