कौशल्याबाईंचा सोमवार

शेफालीने कौशल्याबाईंना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या आपल्या मुलाला डॉक्टरांच्या खोलीबाहेर काढत होत्या. शेफाली त्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या पेशंटांचे व्यायाम घ्यायची. सदाशिव पेठेतल्या या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंना आतड्याचा कॅन्सर होता, आणि घरचे त्याला ‘थोडी सूज’ म्हणत होते.

“श्रीधर, सूज असती तर घरीच शेक दिला असतास. बाहेर बस.” मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, “आतडं माझं आहे. माझ्याशी बोला.”

डॉक्टर बोलले. पोट मोठं उघडायचं नाही. लहान छिद्रांतून दुर्बीण आणि अवजारं घालायची, गाठीचा भाग बाहेर काढण्यापुरता एक छोटा छेद. या वयातही ते सोसतं, पण अंगात ताकद हवी. तोवर भरपूर खायचं, चालायचं, श्वासाचे व्यायाम करायचे.

बाई रोज चालल्या. श्वासाच्या व्यायामाच्या यंत्राची नळी तोंडात धरून श्वास ओढला आणि आतले छोटे चेंडूही वर उचलले. तरी पुढच्या तपासणीत वजन आणखी उतरलेलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं.

“काकू, जेवता ना नीट?” शेफालीने विचारलं.

“जेवते की. उपास नसेल त्या दिवशी.”

सोमवार, चतुर्थी, एकादशी होतीच. ऑपरेशन सुखरूप व्हावं म्हणून बाईंनी गुरुवार आणि शनिवारही धरले होते. नुसत्या ताक-केळ्यावर.

शेफालीने कपाळाला हात लावला. “अहो काकू, डॉक्टरांच्या हाती द्यायला अंग तरी शिल्लक ठेवा!”

लग्नापासून एकही सोमवार बाईंनी मोडला नव्हता, बाळंतपणातसुद्धा नाही.

“गाठ थांबेल का माझ्यासाठी?”

“नाही.”

“मग देवाला थांबायला सांगते. तो तरी ओळखीचा आहे.”

सोमवारी त्यांनी नेहमीसारखी पूजा केली आणि देवासमोरच मुगाची धिरडी घेऊन बसल्या. श्रीधर दारातून बघत राहिला.

“बघतोस काय? दही आण.”

वजन हळूहळू सावरलं, रक्त वाढलं, आणि ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी शेफालीने त्यांना उभं केलं. पोटाला कळ लागली तसे बाईंनी ओठ घट्ट मिटले. चार पावलांनी म्हणाल्या, “हात सोड गं. मला चालायचंय, मिरवायचं नाहीये.”

आता त्या ऐंशीच्या आहेत. तपासणीला रिक्षाने एकट्याच येतात.