दीडशे चादरींचा तास

आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कोणती असं मला कुणी विचारलं, तर लोकांना वाटेल मी नवऱ्याकडे बोट दाखवीन. नाही हो, तो दुसऱ्या नंबरवर. पहिली चूक मी एका तासात केली. सकाळी दहा ते अकरा, धुलाईच्या कारखान्यात, तीन नंबरच्या टेबलावर.

आमच्याकडे हॉटेलांच्या चादरी येतात. गरम रुळांमधून इस्त्री होऊन बाहेर पडल्या की टेबलापाशी दोघीजणी. एकीनं इकडची टोकं धरायची, दुसरीनं तिकडची. झटका द्यायचा, उजेडात धरून डाग बघायचा, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक लावायचं, वाकून घडी उचलायची. की पुढची चादर. मास्तरीण अकरा वर्षं माझ्या समोरचं टोक धरून होती. नाव तिचं वेगळं, पण जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी पुस्तक उघडून बसायची, म्हणून मीच तिला मास्तरीण म्हणायला लागले. मला ती ताई म्हणते.

संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन तिनं पदवी घेतली आणि पस्तिशी उलटल्यावर काम सोडून एमबीएला बसली. घरी आजारी आई, कमावणारी ही एकटी, आणि बाईसाहेब निघाल्या शिकायला! पहिल्या दिवशी वर्गात शिरली तर पोरं शिकवणाऱ्या बाई समजून उठून उभी राहिली. दोन वर्षांच्या मधल्या मोठ्या सुट्टीत त्या पोरांना दोन महिने कुठंतरी इंटर्नशिप करावी लागते. सहा ठिकाणांनी हिचं वय बघून दार लावलं. सातवे आमचे मोठे साहेब. ते म्हणाले, घडी विभागाचा अभ्यास करा, अहवाल पटला तर शिक्षण संपल्यावर इथंच कायमची जागा.

मग एके दिवशी ती घड्याळ आणि वही घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! ऊर भरून आला. मनात म्हटलं, माझ्या पोरीचा आकडा असा देखणा आला पाहिजे की वरच्या मजल्यावर सगळ्यांची तोंडं बंद झाली पाहिजेत. आणि सुटले. डाग बघितला नाही, पाणी प्यायले नाही, मान वर केली नाही. समोर माझी नवी जोडीदारीण होती, बिचारीला धाप लागली. एरवी तासाला नव्वद चादरी होतात. त्या तासाला झाल्या दीडशे. मास्तरणीनं वहीत लिहिलं, माझ्याकडे बघून हसली आणि गेली.

सोळा दिवसांनी सुपरवायझर बाई हातात एक कागद घेऊन आल्या. चेहरा पांढराफटक. मास्तरणीच्या वहीवरून वरती हिशोब झाला होता म्हणे. तीन नंबरचं टेबल तासाला दीडशे करतं, म्हणजे बाकीच्या नुसत्या रेंगाळतात. तेव्हा दहा टेबलांचं काम सहा टेबलं करतील. चार टेबलं बंद, आठ बायका घरी. यादीत पहिलं नाव नऊ नंबरच्या काकूंचं. वीस वर्षं उभ्या आहेत, गुडघे बोलायला लागलेत, पण त्यांच्या घडीला कधी सुरकुती सापडायची नाही. काकू यादी वाचून एकच वाक्य बोलल्या, "तुझ्या मैत्रिणीनं चांगले पांग फेडले गं."

ओला एप्रन तसाच, तडक जिना चढले. मास्तरीण खोलीत एकटी कागद लावत होती. अर्ध्या तासावर साहेबांपुढे अहवाल वाचायचा होता.

"तुला लाज वाटते का?" मी दारातूनच ओरडले. "आठ जणींच्या पोटावर पाय देऊन खुर्ची मिळवणार?"

"आकडा माझा नाही, ताई. तुमच्या हातांचा आहे."

"अगं मेले, तो खोटा आहे! तुझं नाव व्हावं म्हणून जीव काढून केल्या मी! डाग बघितले नाहीत, काही नाही. रात्री खांदा वर जाईना, तेल लावून निजले."

तिनं हातातले कागद टेबलावर उलटे ठेवले. मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल, मला शिव्या घालेल. तिनं फक्त विचारलं, "हे साहेबांसमोर सांगाल?"

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "मग तुझ्या जागेचं काय?"

"चला," ती म्हणाली.

साहेबांच्या खोलीत टेबलाभोवती चौघं. मी दाराशी, हात एप्रनमध्ये लपवलेले. मास्तरीण उभी राहिली आणि म्हणाली, "माझं मोजमाप चुकलंय. एकच तास मोजला, तोही ओळखीच्या बाईचा, आणि समोर मी उभी होते. हा अहवाल मी मागे घेते."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तासाला दीडशे झाल्याच नाहीत?"

"झाल्या."

"मग होऊ शकतात ना?"

माझी जीभ कुठली गप्प बसते! "होऊ शकतात, साहेब. तुम्हीही जिना धावत चढू शकता. आठ तास चढून दाखवाल?"

कुणी हसलं नाही. वाटलं, नववं नाव आता माझंच. साहेब चष्मा परत चढवून मास्तरणीला म्हणाले, "उद्या मी स्वतः मोजतो. पूर्ण पाळी. पण आकडा दीडशेच्या आसपास आला, तर यादी तशीच राहील आणि तुमचं सर्टिफिकेटही मिळणार नाही."

जिन्यात मास्तरणीनं माझं मनगट धरलं. "ताई, मी उद्या खाली येणार नाही. जास्त नको, कमीही नको. रोजचं करा."

सांगायला सोपं आहे! कुणी डोक्यावर उभं असताना रोजच्यासारखं काम करून बघा एकदा. साहेब खुर्ची टाकून बसले, मांडीवर वही. पहिल्या तासाला माझे हात आपोआप पळायला लागले, भीतीनं. एकशे दहा. मग वाटलं, थोडं सावकाश करावं, आठ जणी वाचतील. हात आखडला, तर साहेबांनी मान वर केली. पाठीवरून घाम वाहत होता. नऊ नंबरवरून काकू माझ्याकडे बघत होत्या, मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी मी डोळे चादरीवर ठेवले आणि डाग शोधायला लागले. एक सापडला, बाजूला टाकली. दुसरा सापडला. मग हात आपले आपण रोजच्या चालीवर आले. जेवणानंतर साहेब दोनदा उठायला निघाले आणि दोनदा परत बसले. शेवटच्या तासाला माझा खांदा भरून आला, जोडीदारणीच्या हातून टोक सुटायला लागलं. एकाहत्तर.

साहेबांनी वही बंद करून बेरीज केली. सरासरी नव्वद.

यादी फाडली गेली. काकूंनी मला मिठी मारली तेव्हा मी हमसून हमसून रडले. पण वरच्या मजल्यावर मास्तरणीच्या हातात जो कागद पडला, तो तिनं संध्याकाळी मला वाचून दाखवला. इंटर्नशिप पूर्ण केली. प्रामाणिक. मोजमापात गंभीर चूक. कायमच्या जागेसाठी शिफारस नाही.

"माझ्यामुळे गं," मी म्हटलं. "रोजच्यासारखं काम केलं असतं तर पहिल्याच दिवशी खरा आकडा आला असता. जागा तुझीच होती."

"नाही, ताई." तिनं कागदाची घडी घातली, टोकाला टोक लावून. "मी अकरा वर्षं याच टेबलावर होते. तासाला नव्वद होतात हे मला कुणी सांगायला हवं होतं का? वहीत दीडशे लिहिले तेव्हाच कळलं होतं की काहीतरी चुकतंय. सोळा दिवस मी ते स्वतःला विचारलं नाही. मला तो आकडा हवा होता."

मी तिच्या हातातली ती घडी घेतली आणि तिच्याच पिशवीत जपून ठेवली.

गेल्या आठवड्यात तिला आठव्या ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं. सकाळी निघताना तिनं फोन केला. म्हणाली, "ताई, आशीर्वाद द्या."

"देते," मी म्हटलं, "पण या वेळी रोजच्याइतकाच."

ती खूप वेळ हसली. मग रडली. मी फोन कानाला लावून उभी राहिले. समोर चादरी साचत होत्या आणि सुपरवायझर बाई ओरडत होत्या, पण मी फोन काही ठेवला नाही.