मामानं आवळलेलं काकण

आमच्या ईट गावाकडं अक्षता पडल्या की लग्न लागतं, पण संसार सुरू होतो काकण सुटल्यावर. नवरा-नवरीच्या मनगटाला पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधतात, ते काकण. नवऱ्याचं नवरीनं दोन्ही हातांनी सोडायचं, नवरीचं नवऱ्यानं एकाच हातानं. कात्री चालत नाही, दात चालत नाहीत, आणि ते सुटेपर्यंत दोघांना एका खोलीत पाऊल टाकू देत नाहीत.

माझं काकण बायकोनं मला शिंक यायच्या आत सोडलं. तिचं मात्र तिच्या मामानं बांधलेलं. मामा नळदुर्गच्या नाक्यावर तीस वर्षं ट्रकवर ताडपत्र्या आवळणारा माणूस. त्यानं बांधलेला कांद्याचा ट्रक तीन कोलांट्या घेऊन पुन्हा चाकांवर उभा राहिला आणि एक कांदा सांडला नाही, हे मी स्वतः मामाच्याच तोंडून ऐकलंय.

मांडवात माझी आत्या त्याला म्हणाली होती, "पाव्हणं, जरा सैल बांधा."

"माल पोचेस्तोवर सुटायची न्हाय," मामा म्हणाला. सवयीनं त्यानं गाठीवर पाणीही मारलं.

पहिल्या दिवशी माझी दोन नखं गेली. दुसऱ्या दिवशी निम्मं गाव ओसरीत जमलं. बैलांची दावी वळणारे आले, सल्ले देऊन गेले. खाटा-बाजा विणणारा म्हातारा चष्मा लावून तासभर मनगट न्याहाळत बसला आणि शेवटी गाठीला हात जोडून निघून गेला. मी मात्र उंबऱ्यापलीकडच्या त्या खोलीकडं बघून बघून मान अवघडून घेतली.

"आत्या, कापू का?"

आमच्या घरात कायदा म्हणजे आत्या. ती समोरच खुर्ची टाकून बसलेली. "काप की. आन् संध्याकाळच्या यष्टीनं तिला माहेरी सोडून ये."

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्याचा डोळा लागला. मनगट माझ्या हातात होतंच. बायको हळूच म्हणाली, "ओढू नका. हळकुंड आत ढकला, सुटंल."

"तुला ठावं व्हतं?"

"मामाच्या मांडीवर शिकलेय."

"मग तीन दिस गप का बसलीस?"

"सुटलं की मला चुलीपुढं बसवतील आन् तुमी जाताल वावरात. मग चारचौघांत माझा हात कोण धरतंय?"

मी हळकुंड ढकललं. तीन दिवस दगड झालेली गाठ लोण्यासारखी सैल पडली. खोली चार पावलांवर होती. मी इकडंतिकडं बघितलं आणि गाठ गुपचूप पुन्हा आवळली.

आत्यानं एक डोळा उघडला. "सुटतंय का रं?"

"कशाचं आत्या. उद्यापातुर तरी काय खरं न्हाय."